तिसऱ्या ओळीतला दीड ठोका

पोस्टमास्तर गेल्याचं कळलं तेव्हा सूचीकारांच्या मनात जो पहिला विचार आला तो इतका अप्पलपोटा होता, की त्यांनी तो कधी बायकोलाही सांगितला नाही. विचार असा होता, की आता चाल कोण वाजवणार?

सूचीकार म्हणजे वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिणारे गृहस्थ. पोस्टमास्तर समोरच्या इमारतीत राहत. दर रविवारी सकाळी दोघं पोस्टमास्तरांच्या बैठकीच्या खोलीत समोरासमोर खुर्च्या मांडून मँडोलिन वाजवायचे. छत्तीस वर्षं हे चाललं होतं. पोस्टमास्तर चाल वाजवायचे आणि सूचीकार साथ करायचे. साथ म्हणजे टुक-टुक, टुक-टुक, आणि बरोबर उजव्या पायाने ठेका. ह्या ठेक्याने फरशीला खळगा पडलाय असं पोस्टमास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. खळगा वगैरे काही नव्हता, एका जागची चकाकी तेवढी गेली होती. पण पोस्टमास्तरांनी त्यांचं नाव 'घड्याळ' ठेवलं होतं, आणि सूचीकारांना आयुष्यात मिळालेल्या एकूण मानमरातबात हे नाव सगळ्यात वर होतं. वाचनालयाने निवृत्तीच्या वेळी दिलेली फ्रेम त्याच्या बरीच खाली.

वर्ष पूर्ण व्हायला दीड महिना होता तेव्हा वाचनालयाच्या सभागृहात पोस्टमास्तरांच्या आठवणींची सभा ठरली. वहिनींनी, म्हणजे पोस्टमास्तरांच्या पत्नींनी, सूचीकारांना बोलावून घेतलं.

"भावोजी, भाषणं काय, होतीलच. तुम्ही तुमची ती रविवारची धून वाजवा. अख्खी. बाराच्या बारा फेऱ्या. त्यानंतर मी लेकीकडे चालले, कायमची. मग मला ती कोण ऐकवणार?"

"हो," सूचीकार म्हणाले.

विचार न करता 'हो' म्हणण्याची त्यांची ही आयुष्यातली तिसरी वेळ. पहिली लग्नाची होती आणि दुसरी वाचनालयाच्या नव्या इमारतीत पुस्तकं हलवण्याची. त्या कामात त्यांची कंबर गेली ती गेलीच.

घरी येऊन मँडोलिन मांडीवर घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो. रविवारची धून ही दोघांनी मिळून बसवलेली. चार ओळींची एक फेरी, अशा बारा फेऱ्या. साथ तर ते झोपेत वाजवतील. चालही त्यांना येत होती. पोस्टमास्तरांना न सांगता, दार लावून, चोरून त्यांनी ती बसवली होती. पण नुसती चाल वाजवली की ती पत्ता नसलेल्या पाकिटासारखी वाटे, आणि नुसती साथ वाजवली तर कुणीतरी पाकीट न घालता तिकीटच पेटीत टाकल्यासारखी. दोन्ही एकदम वाजवायला चार हात हवेत.

"हात चार नकोत. पाय एक पुरे," वरच्या मजल्यावरचे वजनमापवाले म्हणाले.

वजनमापवाले हे वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. तेहतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा जगावर विश्वास उरला नव्हता. "माझ्या भाचीच्या लग्नात एक गिटारवाला होता. एकटा माणूस, आवाज चौघांचा. मला संशय आला. जेवणं सोडून मागे जाऊन तपासलं. लबाडी नव्हती. पायाखाली डबी होती. पाय दाबला की ती ऐकून ठेवते. पुन्हा दाबला की ऐकलेलं म्हणत बसते, गोल गोल. ह्याला लूप म्हणतात. तुम्ही आधी साथ वाजवून डबीत घाला, मग वरून चाल वाजवा. आहे काय त्यात!"

जगात ज्या ज्या कामाबद्दल कुणीतरी 'आहे काय त्यात' म्हणालं आहे, त्या कामांची वेगळी सूची करायला हवी, असं सूचीकारांना फार दिवस वाटत होतं.

तरी त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. सूचीकारांची पद्धत म्हणजे कार्डं. ओळखीतल्या एकाकडून लूपच्या यंत्रांची माहितीपत्रकं आणवून त्यांनी ती वाचली आणि प्रत्येक यंत्राचं, प्रत्येक बटणाचं, प्रत्येक वायरीचं कार्ड केलं. आठवड्याभरात बुटांच्या रिकाम्या खोक्यात बासष्ट कार्डं उभी राहिली, सूचीतल्यासारखी एक कार्ड दुसऱ्याकडे धाडणारी. 'बटण – पाहा : पेडल.' 'पेडल – पाहा : पाय.' 'पाय – पाहा : ठेका.' इथे आल्यावर त्यांना खरं तर थांबून विचार करायला हवा होता, कारण पुढे जे रामायण घडलं ते सगळं ह्या तीन कार्डांत आधीच लिहिलेलं होतं. पण सूचीकाराचं काम पुस्तक जागेवर लावण्याचं. त्यातलं भविष्य वाचण्याचं नाही.

"अहो, डबी घ्यायचीय की डबीवर ग्रंथ लिहायचाय?" बायकोने विचारलं.

"चुकीची आली तर?"

"तर बदलून आणू. लग्नाआधी काढली होतीत का माझी कार्डं?"

सूचीकारांनी माहितीपत्रकात डोकं घातलं. एक काढलं होतं.

वाद्यांचं दुकान एका बाई चालवायच्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, कानामागे पेन्सिल. त्या स्वतः ड्रम वाजवायच्या, त्यामुळे बोलताबोलता काउंटरवर त्यांची बोटं चालू असत.

"या काका. काय वाजवता?"

"साथ."

"नाही, वाद्य कोणतं?"

"मँडोलिन."

"एकटेच वाजवता?"

"सध्या," ते म्हणाले.

दुकानदारबाईंची बोटं थांबली. त्यांनी कपाटातून एक बटण असलेली, साबणाच्या डबीएवढी डबी काढली. "ही सगळ्यात साधी. एकदा दाबली की ऐकते. पुन्हा दाबली की बोलते. दोनदा पटकन दाबली की गप्प. बाकी हिला अक्कल नाही."

"अक्कल असलेलीही असतात?"

"असतात. पण आधी ही नेऊन बघा. नाही जमलं तर पंधरा दिवसांत बदलून देईन."

बरोबर मँडोलिनला चिमट्याने लावायचा एक छोटा माइक आणि एक स्पीकर घेऊन सूचीकार घरी आले. बैठकीच्या खोलीत खुर्ची ठेवली. बूट घातले, कारण बुटांशिवाय त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. डबी उजव्या पायाखाली ठेवली. दाबली. टुक-टुक, टुक-टुक सुरू केलं. आणि छत्तीस वर्षं जे करत आला तेच त्यांच्या उजव्या पायाने इमानेइतबारे केलं. त्याने ठेका धरला.

पहिल्या ठोक्याला डबी बोलू लागली, पुढच्या दोन ठोक्यांना गप्प झाली, मग पुन्हा ऐकू लागली, पुन्हा बोलू लागली. पुढच्या अर्ध्या मिनिटात डबीने जे काही गोळा केलं त्याचं सार म्हणजे एकच 'टुक', आणि तो एक टुक ती एका सेकंदाला दोनदा ह्या वेगाने म्हणत राहिली. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने न्हाणीघराचा नळ घट्ट बंद केला. आवाज थांबला नाही तेव्हा तिने प्लंबरला फोन केला. प्लंबर आला, त्याने नळ उघडला, बंद केला, कान लावला आणि बैठकीच्या खोलीत येऊन सूचीकारांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी घाईघाईने स्पीकरची वायरच ओढून काढली.

"पायाला आवरा," वजनमापवाले म्हणाले.

पाय आवरणं म्हणजे काय ह्यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मफलरने उजवा पाय खुर्चीच्या पायाला बांधला आणि डबी डाव्या पायाखाली सरकवली. बांधलेला पाय आतल्या आत कुढू लागला आणि साथ अडखळायला लागली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. सूचीकार सवयीने उठले, आणि खुर्चीसकट दारापर्यंत गेले. दारात प्लंबर होता. तो पाना विसरला होता. त्याने पाना उचलला, खुर्चीकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं."

मफलर सोडल्यावर वेगळंच झालं. डावा पाय, ज्याने छत्तीस वर्षं संगीताशी काहीही संबंध ठेवला नव्हता, तोही दहा मिनिटांत उजव्याच्या नादाला लागला.

सूचीकारांनी डबी परत नेली. "पाय लागणारच नाही असं काही आहे का?"

आता अक्कल असलेलं यंत्र निघालं. आठ बटणं, लाल-हिरवे दिवे, छोटा पडदा. "हे स्वतःच सगळं करतं काका. आवाज आला की आपोआप ऐकायला लागतं. सुरुवातीच्या ठोक्यांवरून तुमचा ताल ओळखतं. किती ठोक्यांची फेरी ते सांगून ठेवायचं, की ठोके पुरे झाल्यावर बरोबर तिथे कापून फेरी लावतं. तुम्ही चुकलात तरी हे चुकत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून सूचीकारांना धीर आला. आयुष्यभर ते अशाच कुणाच्या तरी शोधात होते.

घरी आणून त्यांनी यंत्र लावलं, मँडोलिन मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"अहो, चहा गार होतोय," आतून बायको म्हणाली.

यंत्राने ते ऐकलं, ताल ओळखला आणि फेरी लावली. अहो चहा गार होतोय, अहो चहा गार होतोय. आठ बटणांपैकी गप्प करण्याचं कोणतं, हे बासष्टपैकी एका कार्डावर होतं. ते सापडेपर्यंत चहा खरोखरच गार झाला. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"मी अशी बोलते?"

"यंत्राचा दोष आहे," सूचीकार लगेच म्हणाले.

"यंत्र चुकत नाही म्हणालात ना मघाशी?"

त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती. सरावाला ती फार चांगली पडली. पण त्या शांततेत एक वाईट गोष्ट उघड झाली. फेरीचा शेवट दर वेळी कापला जायचा. शेवटचा 'टुक' येता येताच कुणीतरी तोंडावर दार लावून घेतल्यासारखं व्हायचं, आणि पहिली ओळ सुरू. वीसदा वाजवलं. वीसदा दार लागलं.

सूचीकार पुन्हा दुकानात गेले. दुकानदारबाईंनी ठोके देणारं एक यंत्र लावलं आणि त्यांना त्याबरोबर वाजवायला सांगितलं. दोन ओळी छान गेल्या. तिसरीत कुठेतरी गडबड झाली आणि चौथी सुरू झाली तेव्हा ठोके एकीकडे होते आणि सूचीकार दुसरीकडे.

"काका, यंत्र ठीक आहे," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा ताल थोडा... म्हणजे वयाने होतं. सगळ्यांचंच होतं."

एवढं बोलून त्यांनी काउंटरवरची आपली बोटं मुठीत घेतली, जणू त्यांच्यासमोर ताल धरणं बरं दिसणार नाही. सूचीकारांना त्या बोलण्यापेक्षा ती मूठ जास्त लागली.

घड्याळ मागे पडत होतं. कदाचित ते आधीपासूनच मागे पडत असेल आणि पोस्टमास्तर चांगुलपणाने बोलले नसतील. छत्तीस वर्षं! सूचीकार घरी आले आणि त्यांनी खोक्यात एक नवं कार्ड घातलं. त्यावर काहीच लिहिलं नाही.

अशा मनःस्थितीत त्यांना वाचनालयाच्या चिटणिसांनी बोलावलं. चिटणीस सज्जन होते, पण नियम पाठ असलेल्या सज्जन माणसांपुढे इतरांचा निभाव लागत नाही.

"तुमच्या अर्जात 'यंत्र' असं लिहिलंय. नियम चौदा. सभागृहात ध्वनिमुद्रित संगीत वाजवता येणार नाही."

"हे मुद्रित नाही."

"मग जिवंत?"

"आधी जिवंत, मग मुद्रित, आणि त्याच्यावर पुन्हा जिवंत."

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं. "अर्जात दोनच चौकटी आहेत. सभा पोस्टमास्तरांच्या आठवणीची आहे, म्हणून मी एरवीपेक्षा जपून विचारतो. जिवंत की मुद्रित?"

सूचीकारांनी नियम बघायला मागितला. पूर्वी एका बासरीवाल्याने टेप लावून नुसतीच तोंडाशी बासरी धरली होती, आणि टेप अडकल्यावरही त्याची बोटं चालूच राहिली होती, त्या प्रकारानंतर केलेला नियम. मसुदा सुवाच्य अक्षरात होता. अक्षर सूचीकारांचंच होतं. इतक्या स्पष्ट अक्षरात लिहिलेल्या नियमातून पळवाट निघत नाही हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

अखेर चिटणिसांनीच तोड काढली. यंत्रात जे घालायचं ते सभेतच, सर्वांसमोर वाजवून घालायचं. घरून भरून आणायचं नाही. अर्जावर त्यांनी पुढे लिहिलं : वादकांची संख्या – एक. वेळ – आठ मिनिटं.

"आठ?"

"एकट्याला आठ. दोघांना बारा. आठ झाली की मी घंटा वाजवतो. माझा मेहुणा गायला होता तेव्हाही वाजवली होती."

बारा फेऱ्यांना नऊ मिनिटं लागत. म्हणजे वहिनींना दिलेला शब्द नियमातही बसत नव्हता आणि तालातही.

त्या संध्याकाळी वजनमापवाले स्वतःहून खाली आले. त्यांच्या हातात नोकरीतलं स्टॉपवॉच होतं. "सोळा दिवस वर बसून ऐकतोय. मला काहीतरी खटकतंय. वाजवा."

"आता काय वाजवायचं? ताल गेलाय माझा."

"गेलाय का ते मी ठरवीन. वाजवा."

सूचीकारांनी साथ वाजवली. वजनमापवाल्यांनी प्रत्येक ओळ वेगळी मोजली. पुन्हा वाजवायला लावली. पुन्हा मोजली. असं सात वेळा. मग चष्मा कपाळावर सरकवून ते आकड्यांकडे बघत बसले.

"पहिली ओळ अकरा सेकंद. दुसरी अकरा. चौथी अकरा. तिसरी बारा. सातही वेळा तिसरी बाराच. चूक असती तर कधी कमी भरली असती, कधी जास्त. ही दर वेळी तेवढीच भरतेय. ह्याला आमच्या खात्यात चूक म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"काटा मारणं म्हणतात. ठरवून केलेलं. मी असे शेकड्यांनी दुकानदार पकडलेत. फरक एवढाच, की ते गिऱ्हाइकाला कमी देतात. तुम्ही तिसऱ्या ओळीच्या शेवटी दीड ठोका जास्त देताय." त्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. "कुणाला देताय?"

"मला माहीत नाही," सूचीकार म्हणाले. आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र दुकानात परत करायला म्हणून ते निघाले आणि वाटेत वहिनींकडे गेले. 'हो' परत घ्यायला गेले होते. खिशात दोन पानांचं भाषण होतं. वाजवण्याऐवजी ते वाचायचं असा बेत होता. वहिनी खोकी भरत होत्या. बैठकीच्या खोलीत त्या दोन खुर्च्या अजून समोरासमोर होत्या.

"वहिनी, मला नाही जमणार. माझा ताल गेला. यंत्रसुद्धा सांगतंय."

"यंत्राला काय कळतंय! आहे का त्याच्यात? ऐकवा बघू."

सूचीकारांनी पिशवीतून यंत्र आणि स्पीकर काढून जोडले. कालची साथ त्यात होतीच. टुक-टुक, टुक-टुक सुरू झालं. वहिनी जुन्या वर्तमानपत्रात कप गुंडाळत ऐकत होत्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीच्या शेवटी साथ किंचित थबकली, आणि त्याच क्षणी वहिनींचे हातही थबकले. साथ पुढे गेली तसे हातही पुढे गेले. दुसऱ्या फेरीतही तसंच झालं.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या.

"काय बरोबर आहे? तिथे दीड ठोका जास्त पडतोय."

"पडणारच. तिथे ह्यांची करंगळी वर जायची ना." कप खाली ठेवून वहिनींनी आपला डावा हात वर धरला आणि करंगळी वाकडी केली. "टपालाची थैली पडली होती हातावर, तुमची ओळख व्हायच्या आधी. तेव्हापासून ती सरळ झाली नाही. त्या सुरापर्यंत पोचायला तिला वेळ लागायचा. तेवढा वेळ तुम्ही थांबायचात."

"मी? मला तर कधी..."

"ह्यांना माहीत होतं. घरी सांगायचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तालात वाजवा. माझं घड्याळ माझं बोट पोचेपर्यंत थांबतं, म्हणायचे."

सूचीकार समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं त्यांची समजूत होती की कधी थांबत नाही म्हणून आपण घड्याळ. यंत्र चालूच होतं. चौथ्या ओळीनंतर त्याने पुन्हा एकदा दार लावून घेतलं.

"मेलं शेवटी असं काय करतं हे?" वहिनी म्हणाल्या.

"अक्कल आहे त्याला," सूचीकार म्हणाले.

खिशातलं भाषण त्यांनी काढलंच नाही. तिथून ते तडक दुकानात गेले.

"बिनअकलेची द्या," ते म्हणाले. "मी जेवढं वाजवीन तेवढंच म्हणणारी."

दुकानदारबाईंनी ती साबणाच्या डबीएवढी डबी काढली. "पण काका, तुमचा पाय?"

पायाचा प्रश्न तसाच होता, आणि सभेला चार दिवस राहिले होते. तो सुटला स्वयंपाकघरात. सूचीकार दोन्ही हातांत कपबश्या घेऊन आले, कपाटाचा उघडा खण दिसला, आणि त्यांनी तो डाव्या कोपराने आत ढकलला. एकतीस वर्षं दोन्ही हातांत कार्डं धरून त्यांनी सूचीचे खण असेच बंद केले होते. बायको बघत होती.

"अहो, थांबा. पुन्हा करा."

"काय?"

"ते कोपराचं. इतकं नेमकं तर तुम्ही मला कधी हाकही मारली नसेल. ती डबी स्टुलावर ठेवा. पायांना काय धिंगाणा घालायचा तो घालू दे खाली."

सभेच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मंचावर सवयीने दोन खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या आणि एक उचलायला कुणी धजलं नव्हतं. सूचीकार एकीवर बसले. डाव्या बाजूला घरचं स्टूल, स्टुलावर डबी. पहिल्या रांगेत वहिनी, बायको आणि स्टॉपवॉच घेतलेले वजनमापवाले. बाजूच्या टेबलाशी चिटणीस, पुढ्यात घंटा. मागे भिंतीला टेकून दुकानदारबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

सूचीकारांनी मँडोलिन मांडीवर घेतलं. पाय खाली तयार होते, त्यांना आपलं काम माहीत होतं. त्यांनी कोपराने डबी दाबली आणि साथ सुरू केली. टुक-टुक, टुक-टुक. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ते थांबले, ह्या वेळी जाणूनबुजून, आणि जाणूनबुजून केल्यामुळे ते चुकणार अशी त्यांची खात्री होती. चुकलं नाही. चौथी ओळ संपली. कोपर खाली आलं. डबी बोलू लागली.

आता चाल.

पहिल्या फेरीत सूचीकारांची निरोगी करंगळी त्या वरच्या सुरावर वेळेवर पोचली आणि तोंडघशी पडली. खाली साथ अजून वाट बघत होती. कुणाच्या घरी सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचावं, तसं त्यांना झालं. दुसऱ्या फेरीत त्यांनी करंगळी आवरली. तिला मुद्दाम दुखावलेली, जड, टपालाच्या थैलीखाली सापडलेली समजून सावकाश वर नेली. सूर आणि साथ एकत्र आली. वहिनींनी डोळे मिटले.

त्यानंतर मिनिटं मोजण्याचं भान सूचीकारांना राहिलं नाही. ते काम इतर दोघंजण करत होते. आठ मिनिटं झाली आणि चिटणिसांनी घंटा उचलली.

"ठेवा ती," वजनमापवाले पहिल्या रांगेतून म्हणाले. हळूच म्हणाले, पण बाजारात ओरडण्याची सवय असलेल्या माणसाचं हळूच.

"आठ झाली. एकट्याला आठ."

"एकटा नाहीये तो. दोन वादक आहेत. मी मोजलंय."

"दुसरा कुठाय?"

"आत्ता येईल. तिसऱ्या ओळीत. ऐका."

चिटणीस घंटा हातात धरून ऐकू लागले. तिसरी ओळ आली. शेवटी साथ थबकली, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात दीड ठोका कुणी हललं नाही. मग करंगळी पोचली. चिटणिसांनी घंटेच्या लोलकाला बोट लावून ती टेबलावर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

बारावी फेरी संपली तेव्हा सूचीकारांनी मँडोलिन खाली घेतलं. डबी तेराव्या फेरीला लागली होती. थांबवण्यासाठी त्यांनी कोपर उचललं, पण तिसरी ओळ जवळ आली होती. त्यांनी कोपर तसंच अधांतरी धरलं. साथ थांबली, वाट पाहिली, पुढे निघाली. मग खण बंद करतात तसं त्यांनी कोपर दोनदा टेकवलं.

सगळे उठल्यावर चिटणीस अर्ज घेऊन आले. त्यावरचा 'एक' खोडून त्यांनी 'दोन' केला होता आणि आठाच्या जागी बारा. खोडल्या जागी आपली सहीही केली होती.

"एवढं एक राहिलंय," ते खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या वादकाची सही लागते. मोकळी ठेवता येत नाही. काहीतरी लिहा."

सूचीकारांनी पेन घेतलं. नियम चौदा ज्या अक्षरात लिहिला होता त्याच सुवाच्य अक्षरात त्यांनी त्या रेघेवर लिहिलं :

'पाहा : तिसरी ओळ.'